कापसाच्या रानातली गिटार

काय दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत रानात गेला होतात की नाही? आपल्या हिंगोलीकडे कापूस फुटला की वेचणीची घाई. वाकून वाकून पाठ मोडते. मग एखादी बाई गाणं धरते आणि बाकीच्या ते उचलतात.

आता गंमत ऐका. ज्या विजेच्या गिटारचा आवाज आला की घरातली मोठी माणसं दार लावून घेतात, तिच्या संगीताचं मूळ कापसाच्याच रानात आहे! अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या भागात, गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी माणसं आणि त्यांची पोरंबाळं शेतात राबताना गायची. त्यातून पुढे ‘ब्लूज’ जन्मला. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं.

मग गिटारला वीज मिळाली. लग्नाच्या मांडवातला कर्णा फार मोठा केला की आवाज फाटतो ना? ॲम्प्लिफायरला झेपत नाही, आवाजाच्या लहरींचे शेंडे कापले जातात. गिटारवाल्यांनी तो फाटका आवाज मुद्दाम ठेवला, कारण त्याने सूर लांबतो! इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची ‘ब्लॅक सबाथ’ मंडळी आधी ब्लूजच वाजवायची. १९७० साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, आणि ‘हेवी मेटल’चा दणका सुरू झाला.

मुंबईच्या ‘झीरो’ बँडमध्ये वॉरेन मेंडोन्सा गिटार वाजवायचा. शंकर-एहसान-लॉय या संगीतकारांपैकी लॉय यांचा हा पुतण्या. २००७ साली त्याने ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने स्वतःचा अल्बम काढला, ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’. ‘ब्लॅकस्ट्रॅट’ म्हणजे काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार. इथे गाण्याचं काम तीच करते. कसं? दाबलेली तार बोटाने आडवी ढकलायची. ताण वाढतो, सूर वर सरकतो. सतारीवरची मींडच म्हणा ना! मेटलचा दणका यात कमी, ब्लूजचा हुंदका जास्त. खरं सांगू? मला तेच आवडलं.

परवा घरी हा अल्बम लावला होता. आजी ओसरीवर वाती वळत बसलेली. तिने जन्मभर कापूस वेचलाय. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाली, “कोण रडायलंय रे?”

“कुणी नाही आजी, गिटार आहे.”

“असू दे. बंद नको करू.”