आव्हान, आवाहन आणि विसर्जन

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची एक चूक आहे. विद्यार्थी रक्तदानाचे 'आव्हान' करतात आणि प्रतिस्पर्ध्याला 'आवाहन' देतात. आपण शब्दाखाली लाल रेघ ओढतो, अर्धा गुण कापतो आणि पुढचे पान उलटतो. दोन्ही शब्द निराळे आहेत, हे खरेच. 'आव्हान' हे 'आह्वान'चे मराठीत रुळलेले रूप; त्याच्या मुळाशी हाक मारण्याचा धातू आहे. 'आवाहना'च्या मुळाशी 'वह्' आहे. बोलावून आणणे हा त्याचा अर्थ. परंतु या दोहोंत आणखी एक भेद आहे आणि तो व्युत्पत्तीपेक्षा व्यवहारात अधिक दिसतो. आवाहनाला विसर्जनाची जोड आहे. ज्याने देवतेला बोलावले त्यानेच तिला रीतसर निरोपही द्यायचा, हा पूजेचा संकेत. आव्हानाला असा जोडीदार शब्द नाही. आव्हान दिले जाते, स्वीकारले जाते, पेलले जाते. ते सन्मानाने संपवण्याची रीत मात्र भाषेने आपल्या हाती दिलेली नाही.

मित्रमंडळी आज एकमेकांना अतितीव्र व्यायामाची जी आव्हाने देत असतात, त्यांच्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. साहित्यचर्चेत घामाचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, या व्यायामाला आता एखाद्या वाङ्मयप्रकाराचे रूप आले आहे. त्याला नावे आहेत, रूपबंध आहेत, संकेत आहेत, वीरकथा आहेत आणि विदूषकही आहेत. रूपबंधाची चिकित्सा करणे हे आपले काम असेल, तर ज्या रूपबंधात माणसाची मूत्रपिंडे पणाला लागतात त्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही.

या प्रकाराची सर्वांत परिचित शाखा म्हणजे क्रॉसफिट. ग्रेग ग्लासमन यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे ती घडवली. २००० साली तिची कंपनी झाली आणि २००१ पासून दररोजचा एक व्यायाम आंतरजालावर कोणालाही फुकट मिळू लागला. त्यांपैकी काहींना स्त्रियांची नावे दिली गेली. 'फ्रॅन' हा त्यांतला बहुधा सर्वाधिक प्रसिद्ध. खांद्यावर लोखंडी बार घेऊन पूर्ण बैठक मारायची आणि उठता उठता तो डोक्यावर न्यायचा, याला थ्रस्टर म्हणतात. असे २१ थ्रस्टर, मग २१ पुल-अप. पुन्हा १५ आणि १५. शेवटी ९ आणि ९. पुरुषांसाठी बारचे वजन ९५ पौंड, म्हणजे सुमारे ४३ किलो. हे सारे घड्याळ लावून. कसलेले खेळाडू हे तीन मिनिटांच्या आत उरकतात. मग भिंतीवरच्या फळ्यावर नाव आणि नावापुढे वेळ.

या रचनेची ताकद नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन खंडांतल्या दोन मित्रांना एकच मापदंड मिळाला आणि व्यायामाला संवादाचे रूप आले. आपल्या तालमींनी स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले; या फळ्यावर त्यांची नावे पुरुषांच्या नावांशेजारी लागली. २००७ साली कॅलिफोर्नियातील अॅरोमास येथील एका रँचवर पहिली क्रॉसफिट स्पर्धा झाली, तेव्हापासून तिच्यात स्त्री आणि पुरुष दोघेही विजेते आहेत. एकट्याने जे कधी केले नसते ते मित्राच्या हाकेने माणूस करतो, हा अनुभव खोटा नाही. आमचा आक्षेप हाकेला नाही. हाक मारून झाल्यावर हाक मारणारा कोठे जातो, एवढेच आम्ही विचारतो.

याचे उत्तर २०१९ साली चीनमधील छोंगछिंग येथे घडलेल्या एका घटनेत आहे. दोन तरुण मैत्रिणींनी व्हिडिओ कॉलवर बैठकांची पैज लावली. प्रथम थांबायची तयारी दोघींपैकी एकीचीही नव्हती. आकडा हजाराच्या घरात गेला. पुढे पाय वाकेनात, लघवीचा रंग गडद झाला आणि डॉक्टरांनी ऱ्हॅब्डोमायोलिसिसचे निदान केले. या विकारात अतिश्रमाने स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. येथे कोणी शत्रू नव्हता, बक्षीस नव्हते, प्रेक्षकही नव्हते. होती ती केवळ मैत्री, आणि त्या मैत्रीपाशी 'पुरे' हा शब्द नव्हता. दोघींनाही थांबायचे असणार. परंतु जी प्रथम थांबेल ती हरेल, असा त्या रूपबंधाचा नियम होता. शत्रूपुढे हरण्यापेक्षा मैत्रिणीपुढे हरणे अवघड असते. म्हणूनच मित्राचे आव्हान शत्रूच्या आव्हानाहून अधिक धोक्याचे ठरू शकते.

धोक्याची माहिती नव्हती, असे क्रॉसफिटच्या बाबतीत म्हणता येत नाही. २००५ मध्ये ग्लासमन यांनी स्वतःच आपल्या नियतकालिकात या विकाराविषयी लिहिले होते. पण त्याच सुमारास त्या वर्तुळात दोन विदूषकही अवतरले. एक 'पुकी', व्यायामानंतर ओकणारा. दुसरा 'अंकल ऱ्हॅब्डो', डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला. हा विनोद आहे, इशारा आहे, असे समर्थन केले जाते. आम्हांला ते पटत नाही. इशाऱ्याला पाहून माणूस सावध होतो. या विदूषकांची चित्रे सदऱ्यांवर छापून मिरवली गेली. जे टाळायचे ते मिरवण्याजोगे झाले, की इशारा संपतो आणि बिरुद सुरू होते.

विदूषकाचे खरे काम काय, हे संस्कृत नाटकाच्या अभ्यासकांना सांगायला नको. तो नायकाचा 'वयस्य' असतो, म्हणजे मित्र. 'शाकुंतला'चा दुसरा अंक आठवावा. दुष्यंताच्या मृगयेत रोज फरपटला गेलेला माढव्य अंग मोडून आल्याचे सोंग करून काठीला टेकून उभा राहतो आणि एक दिवस तरी विश्रांती दे, अशी विनवणी करतो. त्याच प्रवेशात सेनापतीही येतो. मृगयेने शरीरातील मेद कसा झडतो, देह कसा हलका आणि उत्साही होतो, याचे तो वर्णन करतो. आजच्या कोणत्याही जिमच्या माहितीपत्रकात ते शोभले असते! माढव्य त्याच्यावर खेकसतो. राजाच्या मनात शकुंतला भरलेली असल्यामुळे का होईना, पण शिकार थांबते. कालिदासाने एका बाजूला तीव्रतेचा स्तुतिपाठक उभा केला आणि दुसऱ्या बाजूला थकव्याचा वकील. यांपैकी मित्राची जागा त्याने वकिलाला दिली. आजच्या आव्हानांच्या जगात सेनापतीच मित्राच्या वेषात वावरतो आणि विदूषकाला डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले आहे.

यावर पहिले उत्तर विज्ञानाच्या नावाने येते. तीव्र व्यायामाचे लाभ सिद्ध आहेत, असे म्हणतात. आहेतच. १९९६ साली इझुमी तबाता आणि सहकाऱ्यांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात २० सेकंद तीव्र श्रम आणि १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने होती. मूळ पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकांची. आज 'तबाता' हे नाव कोणत्याही धापा टाकणाऱ्या चार मिनिटांना लावले जाते. मूळ प्रयोग मात्र व्यायामशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्यांवर, स्थिर सायकलवर झाला. आणि पायडलची गती मिनिटाला ८५ फेऱ्यांच्या खाली उतरली की तो थांबवला जाई. थांबण्याचा बिंदू प्रयोगाच्या आराखड्यातच होता. दुसरे उदाहरण बर्पीचे. ही उठाठेव रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शारीरिक क्षमता मोजण्याची एक झटपट चाचणी म्हणून योजली. चार वेळा करायची आणि नाडीची गती पाहायची. आज मित्र एकमेकांना शंभर बर्पींचे आव्हान देतात. दोन्ही ठिकाणी कृती उचलली गेली आणि मर्यादा मागे राहिली. काव्यातून यती काढून टाकून उरलेल्या अक्षरांना वृत्त म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरे उत्तर आपल्या मातीच्या अभिमानाने येते. आमचे पैलवान हजारो जोर-बैठका काढत, त्यांना कोठे काय झाले? या प्रश्नात वस्ताद गाळलेला असतो. तालमीतला आकडा वर्षानुवर्षे चढत जाई. त्यामागे खुराक असे, मालिश असे, झोप असे, आणि कोणाची जोड कोणाशी लावायची हे वस्ताद ठरवी. वस्तादाच्या सत्तेचे गोडवे आम्हांला गायचे नाहीत. त्या सत्तेत अन्यायही होता. पण कुस्तीच्या भाषेने एक क्रियापद जपले आहे, ते मोलाचे आहे. कुस्ती बरोबरीत 'सोडवली' जाते. दोघेही थकले, निकाल लागत नाही, तेव्हा तिसरा कोणी मध्ये पडतो आणि दोघांनाही न हरवता मोकळे करतो. मातीत वस्ताद किंवा पंच उभा असे. त्या जागी आता घड्याळ आले. घड्याळाला मोजता येते. त्याला सोडवता येत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. 'मर्फ' नावाचा एक व्यायाम आहे: एक मैल धाव, १०० पुल-अप, २०० पुश-अप, ३०० बैठका, पुन्हा एक मैल धाव, आणि जमल्यास अंगात २० पौंडांचे जाकीट. अमेरिकन नौदलातील लेफ्टनंट मायकेल मर्फी २८ जून २००५ रोजी अफगाणिस्तानात मारले गेले. हा व्यायाम त्यांच्या आवडीचा होता. दरवर्षी मे महिन्यातील हुतात्मा स्मृतिदिनी अमेरिकेत आणि अन्यत्रही मित्रमैत्रिणी एकत्र जमून तो करतात. येथे वेदना ही स्मरणाची भाषा आहे, मग तिला आक्षेप कसा घ्यावा? आम्ही घेत नाही. मृताच्या आवडीची कृती सामूहिकपणे करणे हा श्राद्धाइतकाच जुना भाव आहे. मात्र ज्यांच्या नावाने हे चालते, त्यांना मरणोत्तर सर्वोच्च सन्मान कशासाठी मिळाला, हे पाहावे. डोंगरात शत्रूने घेरलेले असताना, आडोशातून संपर्क होत नाही म्हणून, मर्फी उघड्यावर आले आणि त्यांनी साथीदारांसाठी मदतीची हाक दिली. त्यांचे शौर्य सोसण्यात जेवढे होते तेवढेच हाक मारण्यातही होते. 'आणखी सोस' अशी ती हाक नव्हती. 'माझ्या माणसांना वाचवा' अशी होती. 'मर्फ' करताना शेजारच्याचा श्वास कसा चालला आहे हे न पाहता जो फक्त स्वतःची वेळ पाहतो, त्याने मर्फींचा आकडा पाठ केला आणि माणूस विसरला.

मग करावे काय? आव्हाने बंद करा, असे म्हणणे हास्यास्पद होईल. रूपबंध बदलता येतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. २०१८ पासून जर्मनीतील हॅम्बुर्गहून पसरलेली आणि २०२५ मध्ये मुंबईत पोहोचलेली हायरॉक्स ही स्पर्धा पाहावी. आठ वेळा एक किलोमीटर धाव आणि प्रत्येक धावेनंतर एक कष्टाचा टप्पा, अशी तिची रचना. तिच्या दुहेरी प्रकारात दोन्ही जोडीदारांनी सर्व धावा एकत्र धावायच्या असतात आणि मधले श्रम आपसांत वाटून घ्यायचे असतात. एकाची दमछाक ही तेथे दुसऱ्याची अडचण होते. म्हणून दुसऱ्याला ती पाहावीच लागते. या स्पर्धेतही बाजार आहे, मिरवणे आहे. तरीही एक साधा नियम मैत्रीला डोळे देऊ शकतो, हे त्यातून दिसते.

तोच नियम कोणत्याही दोन मित्रांना करता येईल. आव्हान देणाऱ्यानेच आधी शेवट सांगावा: किती झाले की थांबायचे, कोणते लक्षण दिसले की थांबायचे, आणि 'पुरे' हा शब्द प्रथम उच्चारण्याचा मान कोणाचा. आमच्या मते तो मान आव्हान देणाऱ्याचा असावा, कारण आव्हान घेणाऱ्याला तो शब्द फार महाग पडतो. 'बस झाले, आता दोघेही थांबू' असे म्हणणारा हरत नाही. तो कुस्ती सोडवतो.

उत्तरपत्रिकेत आव्हान आणि आवाहन यांची गल्लत दिसली की आपण ती खुशाल दुरुस्त करावी. व्यवहारात मात्र ही गल्लत कोणी मुद्दाम केली, मित्राला दिलेल्या आव्हानात थोडे आवाहन मिसळले आणि बोलावल्याप्रमाणे निरोपाचीही जबाबदारी घेतली, तर त्याचे गुण आम्ही कापणार नाही.