सिगारेटचं नवं-जुनं

२०१८ सालच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सिगारेट सोडली. पस्तीस वर्षांची सोबत संपवताना थोडाफार समारंभ व्हावा असं मनातून वाटत होतं, पण तसं काही झालं नाही. उरलेलं अर्धं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, त्यावर चहाचा चोथा ओतला (मी स्वतःला चांगला ओळखतो) आणि पेपर वाचत बसलो. पहिला दिवस अभिमानात गेला, दुसरा बडीशेप चघळण्यात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या नातवाच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं आणि मी असा ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिथून माझ्याकडे पाहत राहिला. माझे हात थरथरत होते, छातीत धडधडत होतं, काहीतरी भयंकर घडणार आहे असं वाटत होतं, आणि काय घडणार ते मात्र सांगता येत नव्हतं. स्वयंपाकघरातून ही बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, खाली जाऊन एक ओढून या. पण हे असं नको.”

जिनं तीस वर्षं माझ्या सिगारेटवरून मला बोल लावले, तिनंच असं म्हणावं! आणि मी सोडली होती ती तर हिच्यासाठीच. लग्नानंतरची कित्येक वर्षं आम्ही दोन खोल्यांत काढली. माझा धूर त्याच दोन खोल्यांत फिरत राहायचा. हिचा खोकला जाईना म्हणून त्या पावसाळ्यात दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी हिला पहिला प्रश्न विचारला तो, “घरात कोण ओढतं?” ही काहीच बोलली नाही. मी खिशावरचा हात काढून घेतला.

सिगारेट सोडण्याची ही माझी पहिली वेळ नव्हती. एकदा १९९६ साली सोडली होती, ती आठवडाभर टिकली. दुसऱ्यांदा २००८ साली. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले, माझ्या केबिनमधला ॲश ट्रे गेला, आणि मीही त्या निमित्तानं थांबलो. तेव्हा एकोणीस दिवस काढले. पण रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. हृदयाचंच काहीतरी आहे अशी खात्री होऊन कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ निघाला. दवाखान्याच्या बाहेर पानाची टपरी होती. तिथं एक पेटवली आणि चार झुरक्यांत जीव थाऱ्यावर आला. मी निकाल लावून टाकला की माझा स्वभावच काळजीखोर आहे आणि सिगारेट हे त्यावरचं औषध आहे. या निकालावर मी पुढची दहा वर्षं निवांत धूर काढला.

तो निकाल साफ चुकीचा होता. का, ते मला आमच्या बँकेतल्याच एका जुन्या प्रकारावरून उमगलं.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. मार्च अखेर आली की पीककर्जाच्या ‘नव्या-जुन्या’ची धांदल उडायची. शेतकऱ्याकडे मुदतीत भरायला पैसे नसायचे. मग तो सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे उचलायचा, बँकेचं जुनं कर्ज भरायचा, लगेच नवं कर्ज घ्यायचा आणि त्यातून सावकाराचे पैसे व्याजासकट फेडायचा. आमच्या खतावणीत खातं नियमित दिसे. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरही दोन दिवस हुश्श झाल्याचा भाव असे. पण कर्ज जिथल्या तिथंच असायचं, आणि दरवर्षी सावकाराचं व्याज तेवढं वरती चढायचं.

सिगारेटचा व्यवहार अगदी असाच आहे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि बरं वाटायला लावणारी रसायनं तिथं स्रवतात. पण साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि त्याची सवय झालेला मेंदू कुरकुर करू लागतो. ती कुरकुर म्हणजेच अस्वस्थता. पुढची सिगारेट ती शमवते आणि आपण म्हणतो, काय छान टेन्शन उतरलं! उतरलं ते आधीच्या सिगारेटनं चढवलेलं टेन्शन. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस दिवसातून वीस वेळा नवं-जुनं करत असतो.

सोडल्यावर काय होतं? सगळं कर्ज एकदम अंगावर येतं. चिडचिड, धडधड, झोप उडणं, कशातच लक्ष न लागणं हे सगळं पहिल्या आठवड्यात, बहुतेकांना पहिल्या तीनचार दिवसांतच, शिगेला पोचतं आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. म्हणजे २००८ साली मी एकोणिसाव्या दिवशी टपरीवर गेलो तेव्हा बहुतेक हप्ते फेडून झाले होते. आठदहा दिवस आणखी दम धरायला हवा होता, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची चिंता, उदासी आणि ताण, सोडल्यानंतर किमान सहा आठवड्यांनी मोजले असता, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होते त्यांच्या बाबतीतही हेच दिसलं. ज्याला मी औषध समजत होतो तोच दुखण्याचा एक भाग होता!

आमच्या लेखक जमातीत एक मोठा सहोदर होऊन गेला, इटालो स्वेव्हो. त्रिएस्त शहरातला हा कादंबरीकार जवळजवळ वीस वर्षं बँकेत नोकरीला होता, म्हणून मला तो अंमळ जास्तच जवळचा वाटतो. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीचा नायक झेनो आयुष्यभर ‘शेवटची सिगारेट’ ओढत राहतो. तारखा ठरवतो, त्या लिहून ठेवतो आणि मोडतो. कादंबरी विनोदी आहे, पण ज्यानं सोडून पाहिली आहे त्याला ते हसू घशाशी अडकतं. शेवटची म्हणून ओढलेली सिगारेट गोड लागते, आणि त्या गोडीपायी माणूस पुन्हा पुन्हा शेवटची ओढतो.

या खेपेला मला दोन गोष्टींनी तारलं. पहिली गोष्ट अगदी साधी. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, “चहा-कॉफी किती?” मी म्हटलं, सहासात कप. त्यांनी सांगितलं, निम्मे करा. धुरातल्या द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचं यकृत कॅफिनचा निचरा झपाट्यानं करतं. सिगारेट थांबली की तीच कॉफी रक्तात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते आणि छातीतली धडधड वाढवते. काही औषधांचंही असंच होतं, म्हणून नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं. मी तीन कपांवर आलो आणि चार दिवसांत रात्रीची झोप थोडी परतली.

दुसरी गोष्ट म्हणजे ही. त्या संध्याकाळी मी खाली गेलो नाही, जिन्यातच बसून राहिलो. थोड्या वेळानं ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, “चुकलं माझं. किती दिवस चालणार हे?” मी म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, महिनाभर.” तिनं कॅलेंडरवर तारीख लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी माझ्यापुढं काहीतरी काम ठेवू लागली. आधी लसूण, मग मेथी, मग मटार. त्या हिवाळ्यात आमच्या घरी इतके मटार सोलले गेले की सुनेनं मटारचं नाव टाकलं. तलफेची लाट पाचदहा मिनिटांत ओसरते, तेवढ्यात वाटीभर दाणे होतात.

सगळंच सुखाचं झालं असं मात्र नाही. महिन्याभरात कर्ज फिटलं, तरी थोडी काळजी उरलीच. पहाटे तीनला जाग येते. कधी कॅश कमी भरल्याची ती जुनी रात्र आठवते, कधी हिचा खोकला ऐकत पडून राहतो. ही काळजी सिगारेटनं निर्माण केलेली नव्हती. धुराआड इतकी वर्षं ती नुसती दिसत नव्हती. तिच्यासाठी मी काही महिने एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. महिना उलटूनही ज्याची घालमेल थांबत नाही, त्यानं तेच करावं, टपरीकडे वळू नये.

आपण सिगारेट सोडण्याला इच्छाशक्तीची परीक्षा करून ठेवलं आहे. पास झाला तर मर्द, नापास झाला तर नादान. दवाखान्यात ‘सोडा’ हा शब्द ऐकायला मिळतो, पण तिसऱ्या दिवशी काय होईल ते फारसं कुणी सांगत नाही. मग माणूस त्या दिवसाला आपला स्वभाव समजतो आणि घरची माणसंही तसंच समजतात. आता मदत आहे. निकोटिनचा च्युइंगम मिळतो, आणि सरकारच्या मोफत मार्गदर्शनाचा दूरध्वनी क्रमांक २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. ज्या पाकिटानं बांधलं त्याच्यावरच सुटकेचा पत्ता!

पण खरी मदत घरातच व्हायला हवी. आज रविवार. तुमच्या घरात आज कुणी सिगारेट सोडली, तर मंगळवार-बुधवारी तो चहातल्या साखरेवरून घर डोक्यावर घेईल. तेव्हा त्याच्या हाती पाकीट देऊ नका. चहा निम्मा करा, आणि मटार मिळाले तर किलोभर आणून ठेवा.