वैमानिकांचा संप : हक्क कीं हट्ट ?

विमानें रद्द झालीं कीं घरोघरीं पहिला ठपका वैमानिकांवर येतो. मुंजीसाठीं बंगळूरहून निघालेला मामा विमानतळावर अडकून पडलेला असतो, परदेशांतून येणाऱ्या मुलीचें पुढचें विमान चुकतें, आणि ओटीपासून माजघरापर्यंत एकच निकाल ऐकूं येतो : "लाखांनीं पगार घेतात आणि वर संप करतात !" इ. स. २०२५ च्या डिसेंबरांत, पहिल्याच आठवड्यांत, देशांतील सर्वांत मोठ्या विमानकंपनीचीं उड्डाणें शेंकड्यांनीं रद्द झालीं. ५ डिसेंबर या एका दिवशीं तर हा आंकडा हजारावर गेला. त्या वेळींही हा निकाल आमच्या कानांवर आलाच. परंतु त्या आठवड्यांत संप कोणींच केला नव्हता. वैमानिकास आठवड्यांतून ३६ तासांऐवजीं सलग ४८ तास विश्रांति मिळावी, आणि त्यानें रात्रीं विमान उतरविण्याचे प्रसंग सहांवरून दोनांवर यावे, असे नवे नियम त्या वर्षीं दोन टप्प्यांनीं लागू झाले होते. ते येणार हें सर्व कंपन्यांस पुष्कळ आधीं ठाऊक होतें. दुसरा टप्पा लागू झाला आणि महिन्याभरांत असें दिसून आलें, कीं वेळापत्रक भरगच्च आहे, पण तें पाळण्याइतके वैमानिक पदरीं नाहींत.

न केलेल्या संपाचें पाप ज्यांच्या माथीं इतक्या सहज येतें, त्यांस संपाचा हक्क असावा कीं नसावा, याचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. हा हक्क असावा, आणि त्याचें मूळ पगारांत नसून वैमानिकाच्या नकारांत आहे.

तें मूळ पाहावयाचें तर अमेरिकेंत १९१९ सालच्या जुलै महिन्यांत जावें लागेल. तेथील सरकारनें १९१८ च्या मे महिन्यांत वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या शहरांदरम्यान विमानानें टपाल नेण्यास आरंभ केला होता. पहिले कांहीं महिने लष्करी वैमानिक होते; ऑगस्टपासून टपालखात्यानें स्वतःचे वैमानिक नेमले. विमानें लांकडाचीं व कापडाचीं, बसावयाची जागा उघडी. ढगांत शिरल्यावर विमान सरळ आहे कीं कलतें आहे, हें सांगणारीं भरंवशाचीं उपकरणें नव्हतींच म्हटलें तरी चालेल. वैमानिक खालचे लोहमार्ग, नद्या व गांवें पाहून वाट काढी. असें असतां खात्याचे या कामावरील वरिष्ठ अधिकारी ओटो प्रेगर यांचा आग्रह असा, कीं टपाल वेळेवर निघालेंच पाहिजे. हे गृहस्थ वृत्तपत्राच्या धंद्यांतून आलेले, कर्तृत्ववान आणि करारी. त्यांच्या करारीपणावांचून ती सेवा उभी राहिली नसती, हेंही खरें. परंतु हवा कशी आहे हें न्यूयॉर्कच्या तळावर उभा असलेला मनुष्य पाही, आणि उडावें कीं नाहीं हें वॉशिंग्टनच्या कचेरींत ठरे.

जुलैच्या त्या दिवशीं न्यूयॉर्कजवळ बेल्माँट पार्क येथें दाट धुकें होतें. हें मूळचें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान; तेंच टपालविमानांचा तळ झालेलें होतें. लिऑन स्मिथ नांवाच्या वैमानिकानें उडण्याचें नाकारिलें. मग हॅमिल्टन ली यास सांगण्यांत आलें, त्यानेंही नाकारिलें. प्रेगर यांनीं दोघांसही बडतर्फ केलें. तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं कळविलें, कीं या दोघांस परत घेईपर्यंत आम्ही कोणीही उडणार नाहीं. हा बहुधा जगांतील वैमानिकांचा पहिला संप होय. तो थोड्याच दिवसांत मिटला. लीला परत घेतलें, स्मिथला घेतलें नाहीं. ज्यानें पहिला नकार दिला त्याचीच नोकरी गेली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

तडजोडीचें मुख्य कलम मात्र मोठें मासलेवाईक आहे. हवेविषयीं वाद पडला तर तळाच्या व्यवस्थापकानें स्वतः वर जाऊन पाहावें. त्यास विमान चालवितां येत असेल तर त्यानें चालवावें. येत नसेल तर वैमानिकाबरोबर बसून जावें. हुकूम देणाऱ्यानें त्याच धुक्यांत शिरावें, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडील कचेऱ्यांना हा नियम लावला तर निम्मे हुकूम निघणारच नाहींत, असें आम्हांस वाटतें.

धुकें होतें कीं नव्हतें, एवढाच हा प्रश्न नव्हता. टपालखात्याची ती सेवा १९२७ सालीं बंद होऊन काम खाजगी कंपन्यांकडे गेलें, तोंपर्यंत तिच्यांतील तीसहून अधिक वैमानिक मृत्यु पावले होते. एकट्या वैमानिकाचा नकार म्हणजे त्याचा राजीनामाच. त्याच्या जागीं दुसरा, दुसऱ्याच्या जागीं तिसरा उभा करतां येतो. आणि तिसऱ्याच्या घरीं भाडें थकलेलें असलें कीं तो उडतोही. दहा जण एकत्र उभे राहिले म्हणजे मात्र वरिष्ठास खिडकीबाहेर पाहून धुकें आहे कीं नाहीं हें ठरवावें लागतें.

पुढें १९३१ सालीं डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या पुढाकारानें अमेरिकन वैमानिकांचा संघ निघाला. नोकरी जाण्याच्या भयानें आरंभींचें सारें काम गुप्तपणें चाले. या संघानें पहिल्या कांहीं वर्षांत जें मिळविलें त्यांत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें १९३४ चें : महिन्यास ८५ तासांहून अधिक उड्डाण नको. ही मागणी वेतनाची म्हणावी कीं सुरक्षिततेची ? दोन्ही. झोपेला आलेला मनुष्य स्वतःसाठीं विश्रांति मागतो, तेव्हां ती त्याच्या मागें बसलेल्या प्रवाशांसाठींही मागितलेली असते.

अमेरिकेनें १९३६ सालीं रेल्वे कामगारांचा कायदा विमानांनाही लावला. त्याची रीत अशी, कीं संप करतां येतो, पण सहजासहजीं नाहीं. आधीं वाटाघाटी, मग सरकारी मध्यस्थ मंडळ. मंडळानें हात टेकले तरी पुढें ३० दिवस थांबावयाचें. आणि त्यानंतरही राष्ट्राध्यक्षास चौकशी मंडळ नेमून संप रोखून धरतां येतो. १९९७ च्या फेब्रुवारींत अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं मध्यरात्रीं संप सुरू केला, आणि कांहीं मिनिटांतच अध्यक्ष क्लिंटन यांनीं तो थांबविला. प्रवाशांचे हाल टाळण्यास ही रीत चांगली खरी. परंतु तिच्यांत वर्षानुवर्षें निघून जातात आणि तोंवर जुनाच करार चालू राहतो, ही तेथील वैमानिकांची तक्रारही आम्हांस पटते.

आतां दुसरी बाजू. वैमानिकांचा प्रत्येक संप धुक्यासाठीं असतो असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. ऑस्ट्रेलियांत १९८९ सालीं देशांतर्गत विमानांच्या वैमानिकांनीं २९.४७ टक्के वेतनवाढ मागितली. तेव्हांचे पंतप्रधान बॉब हॉक हे स्वतः पूर्वी त्या देशांतील कामगारसंघांच्या मध्यवर्ती संस्थेचे अध्यक्ष. तरी त्यांनीं प्रवाशांसाठीं हवाईदलाचीं विमानें बाहेर काढलीं आणि कंपन्यांची बाजू घेतली. वैमानिकांनीं सामुदायिक राजीनामे दिले. ते परत घेण्याची वेळ येईतों परदेशांतून नवे वैमानिक आलेले होते. संघ मोडला.

आपल्याकडील २०१२ चा संप तर एकत्र कुटुंबांतील वाचकांस चांगलाच समजेल. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या २००७ सालीं एक झाल्या. चूल एक झाली, पण भांडीं वेगळींच राहिलीं. एका घरच्या वैमानिकांचा पगार निराळा, दुसऱ्याचा निराळा, बढतीचा क्रम निराळा, संघही दोन. २०११ सालीं एका संघानें समान वेतनासाठीं दहा दिवस संप केला. २०१२ सालीं दुसरा संघ ५८ दिवस घरीं बसला. कारण हें, कीं नव्या ड्रीमलायनर विमानाचें शिक्षण पहिल्या घरच्या मंडळींस कां द्यावें. दोष मुळांत एकत्रीकरण अर्धवट ठेवणाऱ्यांचा, हें आम्ही मान्य करतों. तथापि धाकट्या जावेस नवें पातळ आलें म्हणून थोरलीनें दोन महिने स्वयंपाकघर बंद ठेवावें, या न्यायास आमची सहानुभूति मिळणें कठीण.

मुंबईंतील २००९ चें प्रकरण याहून वेगळें. जेट एअरवेज या खाजगी कंपनीच्या वैमानिकांनीं त्या वर्षीं आपला संघ स्थापिला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यांतील दोघांस कंपनीनें काढून टाकलें. ८ सप्टेंबरपासून कित्येकशें वैमानिकांनीं एकाच वेळीं आजारी असल्याचें कळविलें. जवळ जवळ पांच दिवस शेंकडों उड्डाणें रद्द झालीं; मग समेट होऊन काढलेल्यांस परत घेण्यांत आलें. संघ काढणें हा आपल्या राज्यघटनेनें दिलेला हक्क आहे. तो बजावल्यावर नोकरी जात असेल तर बाकीच्यांनीं काय करावें? त्यांनीं हात आखडला यांत आम्हांस गैर दिसत नाहीं. मात्र आजाराचें निमित्त आम्हांस रुचलें नाहीं. ज्याच्या 'मी ठीक आहें' या शब्दावर आपण मुलांबाळांसह विमानांत बसतों, त्याचा 'मी आजारी आहें' हा शब्दही तितकाच खरा असला पाहिजे.

परंतु हें निमित्त ते कां शोधतात, हेंही पाहिलें पाहिजे. संघ काढण्याच्या हक्कांत संप करण्याचा हक्क आपोआप येत नाहीं, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं म्हटलें. कायद्याचे मार्ग आहेत, पण ते अरुंद. २०२० चा आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेला औद्योगिक संबंधांचा कायदा तर सांगतो, कीं कोणत्याही उद्योगांत १४ दिवसांची सूचना दिल्यावांचून संप करतां येणार नाहीं, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनीं संगनमतानें एकाच दिवशीं घेतलेली किरकोळ रजा हाही संपच समजला जाईल. शिवाय चार सोनेरी पट्ट्यांचा अंगरखा घालणारा वैमानिक हा कायद्याच्या अर्थानें कामगार कीं अधिकारी, हा वाद आहेच. पगार पाहिला तर अधिकारी. पण त्याचें वेळापत्रक दुसराच कोणी आंखतो, आणि रात्रीं दोन वाजतां उठून निघतांना त्याचा अधिकार फारसा दिसत नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांतून आज कित्येक मुलगे व मुली या धंद्यांत जात आहेत. शिक्षणासाठीं घर गहाण पडतें, आणि हप्ते फिटेपर्यंत त्या मुलाला वा मुलीला 'आज मी थकलों आहें', 'आज मी थकलें आहें' असें म्हणण्याचें धैर्य एकट्यानें होणें अवघड असतें. संघ पाठीशीं असला तरच तें होतें. १४ दिवसांची सूचना पगाराच्या तंट्यास ठीक. धुक्याला आणि झोपेला ती देतां येत नाहीं. तेवढ्यापुरता नकार शिक्षेवांचून देतां यावा, त्यास संपाच्या व्याख्येंत ओढूं नये, आणि पगारबढतीच्या भांडणांत मात्र सूचना व मध्यस्थी यांचा मार्ग सक्तीचा असावा, अशी वाटणी आम्हांस योग्य वाटते.

डिसेंबर २०२५ च्या गोंधळांत सरकारनें त्या मोठ्या कंपनीस रात्रीच्या कामाच्या नव्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली, म्हणजे जी विश्रांति कायद्यानें देऊं केली तीच कांहीं काळ मागें घेतली. वैमानिकांच्या संघांनीं या सुटीविरुद्ध निषेधाचीं पत्रें धाडलीं, आणि रात्रीचीं विमानें ठरल्या वेळीं निघत राहिलीं.