लय, पट्टी आणि भाव

हल्लीं एखादी चाल यंत्रास ऐकविली कीं तिची लय मिनिटाला किती मात्रांची, पट्टी कोणती आणि भाव हर्षाचा कीं विषादाचा, हीं तीनही उत्तरें क्षणार्धांत मिळतात. विद्यार्थिवर्गांत असा समज बळावत चालला आहे कीं, पहिलीं दोन उत्तरें हातीं आलीं म्हणजे तिसरें त्यांतून आपोआप निघतें. हा समज आम्हांस मान्य नाहीं.

उदाहरणासाठीं लांब जावयास नको. २०१६ सालीं प्रदर्शित झालेला ‘सैराट’ हा बोलपट आपल्या परंडा तालुक्यास लागून असलेल्या करमाळ्याच्या मुलखांतला. दिग्दर्शक नागराज मंजुळे तिकडलेच. संगीतकार अजय-अतुल या बंधूंनीं त्यांतील पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित करविला. ‘याड लागलं’ या गाण्यांतील तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच बोलपटांतील ‘झिंगाट’ मात्र बेंबळीच्या कोणत्याही वरातींत शोभावें अशा जातीचें. एकाची चाल डौलाची, दुसऱ्याची धांवती. तरी दोन्ही गाणीं आनंदाचींच! संथ तें दुःखी आणि जलद तें सुखी, हा हिशेब येथेंच फसतो.

आतां पट्टीविषयीं. पेटीवर काळी दोन धरली काय किंवा पांढरी चार धरली काय, गवई आपल्या गळ्याच्या सोयीनें षड्ज ठरवितो. राग तोच राहतो. ‘पट्टी नव्हे, स्वरसमूह भाव ठरवितो’ असें कोणी म्हणेल. तर भूप आणि देशकार पाहावे. दोघांचे स्वर तेच पांच : सा, रे, ग, प, ध. परंतु एक गांधारावर विसावतो व रात्रीच्या पहिल्या प्रहरीं शोभतो. दुसरा धैवतास कवटाळतो आणि सकाळचा होतो. पूरिया व सोहनी यांचेंही तसेंच. पहिला मंद्रांत रमतो, दुसरा तारसप्तकांत चमकतो. यंत्र स्वर मोजील, पण विसांव्याची जागा कानानेंच शोधावी लागते.

बोलपटांत तर आंकड्यांचा भरंवसा आणखीच कमी. पडद्यावर सेकंदास २४ चित्रें सरकतात. म्हणून मिनिटास १२० मात्रांची लय धरली कीं एक मात्रा बरोबर १२ चित्रांची होते, आणि या गणितानें वाद्यवृंद दृश्याशीं जुळविला जातो. तोच बोलपट सेकंदास २५ चित्रांच्या दूरदर्शन-पद्धतींत जसाच्या तसा चालविला तर १२० च्या १२५ मात्रा होतात आणि पट्टीही अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशांहून किंचित् अधिक वर चढते. लय बदलली, पट्टी बदलली. रडणारा प्रेक्षक मात्र रडतोच.

‘सैराट’च्या शेवटीं तर ना लय, ना पट्टी. लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनीं बाहेर चालत जातें आणि सारें संगीत, सारा आवाज थांबलेला असतो. त्या शांततेनें आधींच्या प्रत्येक गाण्याचा भाव मागाहून पालटतो. एवढा वाद्यवृंद उभा करून नेमक्या क्षणीं त्यास गप्प बसविणें, हें आमच्या मतें त्या बोलपटाच्या संगीताचें सर्वांत मोठें धैर्य होय.

हा वाद केवळ शास्त्राचा असता तर या पानांवर त्यास जागा मागितली नसती. यंत्रापुढें हलगी वाजविली तर तिची पट्टी त्यास धड सांगतां येणार नाहीं. यावरून तें नुसतें बडविणें आहे, संगीत नव्हे, असें म्हणणारे आपल्यांत आहेत. आणि त्यांच्या बोलण्यांत यंत्राहून जुना एक तिटकारा दडलेला असतो, कारण हलगी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या गळ्यांत अडकविली गेली हें सर्वांस ठाऊक आहे. वास्तविक तो वादक वाजविण्यापूर्वीं जाळावर कातडें शेकून आवाज चढवितो, कानानें पारखतो, दमट हवेंत पुन्हा शेकतो. तीच हलगी लग्नांत वाजते, कुस्तीच्या फडांत वाजते आणि अंत्ययात्रेपुढेंही वाजते. कोणत्या प्रसंगीं हात कोठें आंवरावा हें त्यास कोणत्याही पुस्तकानें शिकविलेलें नाहीं.

आमची सूचना लहानशीच आहे. येत्या स्नेहसंमेलनांत ‘झिंगाट’ यंत्रावर लावण्याऐवजीं गांवांतील हलगीवादकांस बोलवावें, पेटीवाल्या मास्तरांच्या शेजारीं, व्यासपीठावर, तशाच खुर्चीवर बसवावें, आणि कार्यक्रमपत्रिकेंत त्यांचें नांव छापावें.