विद्रूपीकरण कुणाचे?

सार्वजनिक भिंतीवर कुणी रंगाने चार अक्षरे लिहिली, तर कायदा त्याला विद्रूपीकरण म्हणतो. भिंत सरकारची असते आणि लिहिणारा गुन्हेगार ठरतो. पण भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडलेला पंचवीस वर्षांचा धडधाकट तरुण पोलिसांच्या ताब्यातून हातपाय बांधलेल्या, नाडी थांबलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याला काय म्हणायचे? हा प्रश्न १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये बावीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय चित्रकाराने विचारला, आणि तोही भिंतीवरच रंगवून. त्याचे नाव ज्याँ-मिशेल बास्किया. आज जगातील सर्वांत महाग चित्रकारांत त्याची गणना होते. किंमत सर्वांना ठाऊक झाली; प्रश्न मात्र मागे पडला. म्हणूनच त्याच्याविषयी लिहिणे आवश्यक आहे.

बास्कियाचा जन्म २२ डिसेंबर १९६० रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. वडील हैतीचे, म्हणजे जिथल्या गुलामांनी फ्रेंच सत्तेला हाकलून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र उभारले त्या भूमीचे. आई प्वेर्तो रिकन वंशाची. तिने मुलाला लहानपणापासून संग्रहालये दाखविली. सात वर्षांचा असताना मोटारीच्या धडकेत तो गंभीर जखमी झाला, तेव्हा आईने रुग्णालयात त्याच्या हाती ‘ग्रेज अॅनाटॉमी’ हा शरीररचनेचा ग्रंथ ठेवला. त्याच्या चित्रांतील कवट्या, हाडे आणि उघडी पडलेली शरीरे यांचे मूळ त्या ग्रंथात आहे. पुढे समीक्षकांनी त्याला ‘रानटी’, ‘आदिम’ अशी विशेषणे लावली. इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंच जाणणारा, लिओनार्दो व पिकासो अभ्यासणारा तरुण आदिम कसा? कातडीचा रंग पाहून अक्कल ठरविणाऱ्यांनाच असे शब्द सुचतात.

शाळा अर्धवट सोडून त्याने अल डायझ या मित्रासोबत ‘सेमो’ या नावाने खालच्या मॅनहॅटनच्या भिंतींवर लिहायला सुरुवात केली. ‘तेच ते, जुनेच’ अशा अर्थाच्या एका शिवीवरून ते नाव बनविले होते. केवळ स्वतःचे नाव गिरवण्यात त्यांना रस नव्हता. धर्म, पैसा आणि कलेचा व्यापार यांची टवाळी करणारी टोकदार वाक्ये ते कलादालनांच्या वस्तीतच लिहीत. १९७८ च्या डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने त्यांची ओळख उघड केली. त्यानंतर १९८० चा ‘टाइम्स स्क्वेअर शो’, १९८१ चे पी.एस. वन येथील प्रदर्शन, १९८२ मध्ये जर्मनीतील ‘डॉक्युमेंटा’ आणि १९८३ मध्ये ‘व्हिटनी द्वैवार्षिकी’ असा त्याचा वेगवान प्रवास झाला. रस्त्यावर झोपलेला मुलगा पाच वर्षांत कलाजगताच्या मध्यभागी आला.

त्याची चित्रभाषा पॉप आर्टच्या जवळची होती. अँडी वॉरहॉलने सुपाचे डबे कॅनव्हासवर आणून बाजारातील वस्तूलाच चित्र केले. बास्कियानेही कार्टूनची रेषा, जाहिरातीची अक्षरे, स्वामित्वहक्काची खूण हे सारे उचलले. परंतु त्याने विचारले की या वस्तूंच्या मागे राबणारे हात कुणाचे? ‘हॉलिवूड आफ्रिकन्स’ (१९८३) या चित्रात त्याने स्वतःसह तीन कृष्णवर्णीय कलावंतांचे चेहरे रंगविले आणि भोवती ऊस, तंबाखू असे शब्द लिहिले. मळ्यातला गुलाम आणि पडद्यावरचा दुय्यम नट यांच्यातील नाते दाखवायला त्याला एवढे पुरेसे झाले. ‘स्लेव्ह ऑक्शन’ (१९८२) मध्ये त्याने माणसांच्या लिलावाचा विषय घेतला. जाझ वादक चार्ली पार्कर याला त्याने राजाचे नाव आणि मुकुट दिला. काळे मुष्टियोद्धे त्याच्या चित्रांत वीरांच्या रूपात उभे राहिले. चित्रातले शब्द तो मुद्दाम खोडत असे. खोडलेला शब्द माणूस अधिक निरखून वाचतो, असे तो म्हणे. ज्यांचा इतिहासच खोडला गेला, त्यांच्या वारसाला ही युक्ती सुचावी यात नवल नाही.

परंतु प्रस्थापितांनी त्याला कसे वागविले? एका कलादालनाच्या तळघरात तो चित्रे काढीत असे, तर त्याला कोंडून ठेवून काम करून घेतात अशा वावड्या उठल्या. आपण गोरे असतो तर यालाच निवासी कलावंत म्हटले असते, असे त्याने सुनावले. १९८५ मध्ये त्याची आणि वॉरहॉलची संयुक्त चित्रे प्रदर्शित झाली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने त्याला वॉरहॉलची शोभेची बाहुली ठरविले. त्याच वर्षी त्याच दैनिकाच्या रविवारच्या मासिकाने मुखपृष्ठावर त्याचे सुटातले, अनवाणी छायाचित्र छापले होते आणि आतल्या लेखाचा विषय होता कलेचा बाजार.

या साऱ्यापेक्षा भीषण प्रसंग त्याआधीचा आहे. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकल स्टुअर्ट या कृष्णवर्णीय तरुणाला भुयारी रेल्वेच्या स्थानकावर लिहिल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. तेरा दिवस बेशुद्ध राहून २८ सप्टेंबरला तो मरण पावला. मृत्यूच्या कारणाबद्दल शहराच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आपले मत बदलले. सहा पोलिसांवर खटला चालला. ज्यूरीत सर्व गोरे होते. १९८५ मध्ये सर्वजण निर्दोष सुटले.

बातमी ऐकून बास्किया हादरला. आपलीही हीच गत झाली असती, हे त्याला कळत होते. मित्र कीथ हॅरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर त्याने दंडुके उगारलेले दोन पोलीस आणि मध्ये एक काळी आकृती रंगविली. वर ‘विद्रूपीकरण’ हा शब्द लिहिला आणि त्याला प्रश्नचिन्ह जोडले. हॅरिंगने पुढे भिंतीचा तो तुकडा कापून घेतला आणि १९९० मध्ये मरेपर्यंत आपल्या पलंगावर टांगून ठेवला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हॅरिंग स्वतः भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर खडूने चित्रे काढी. त्यालाही पोलिसांनी अनेकदा पकडले. पण तो गोरा होता आणि प्रत्येक वेळी घरी परतला. आरोप एकाच जातीचा, शहर तेच. मग कोण जिवंत राहिला आणि कोण गेला, याचा विचार वाचकांनीच करावा.

काही विद्वान म्हणतील, बास्किया तर श्रीमंत झाला, प्रसिद्ध झाला; मग तक्रार कसली? एकाला मुकुट चढवून हजारोंच्या मानेवरचे जोखड उतरत नाही. आणि त्याचा मुकुटही किती टिकला? १२ ऑगस्ट १९८८ रोजी हेरॉईनच्या अतिसेवनाने त्याचा अंत झाला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. व्यसनाचे कौतुक करण्याचे काही कारण नाही. त्याने एक समर्थ हात अकाली हिरावून नेला. मात्र त्याच्या मरणाला अद्भुत कथेचा रंग देऊन चित्रे विकणारे कोण होते, हेही विसरता कामा नये.

१९८४ मध्ये १९ हजार डॉलरना गेलेले त्याचे एक चित्र २०१७ मध्ये लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना विकले गेले. मायकल स्टुअर्टच्या कुटुंबाला मुलाच्या मृत्यूबद्दल १९९० मध्ये तडजोडीने १७ लाख डॉलर मिळाले. काळ्या हाताने काढलेली कवटी आणि काळ्या माणसाचा जीव यांचे बाजारभाव असे आहेत. गुलामांचा लिलाव रंगविणाऱ्या चित्रकाराच्या नावाचाच लिलाव आज जोरात चालतो. टोप्या, टी-शर्ट, घड्याळे यांवर त्याचा मुकुट छापला जातो आणि तो मुकुट कुणाच्या डोक्यावर ठेवला होता, हे घेणाऱ्याला ठाऊकही नसते.

व्यवस्थेची ही जुनी रीत आहे. आधी ती हाकलते, मग हसते, आणि माणूस मेल्यावर त्याला चौकटीत बसवून तिकीट लावते. विद्रोहाचा दात काढला की त्याची शोभेची वस्तू करणे सोपे जाते. म्हणून परिवर्तनवादी वाचकाने बास्कियाची किंमत ऐकून दिपून जाऊ नये. त्याची चित्रे अक्षर न् अक्षर वाचावीत. विशेषतः ते भिंतीवरचे चित्र वाचावे. ते त्याने विक्रीसाठी काढले नव्हते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्याच चित्राभोवती प्रदर्शन उभारले. म्हणजे भिंतीवरच्या त्या शब्दाला मोठ्या संस्थेचे दार उघडायला छत्तीस वर्षे लागली. शब्दापुढचे प्रश्नचिन्ह अजून कायम आहे. विद्रूप झाले ते काय, रेल्वेची भिंत की माणसाचा देह? ज्या समाजाला भिंत आधी दिसते, त्याचा चेहरा रंगाने विद्रूप झालेला नसतो.