सेवेचा उंबरठा

पतीला किंवा पत्नीला कुष्ठरोग जडला, हे घटस्फोट मागण्याचे कायदेशीर कारण म्हणून या देशात २०१९ सालापर्यंत मान्य होते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ही तरतूद होती, विशेष विवाह कायद्यात होती, ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजाच्या विवाहविषयक कायद्यांतही होती. रोग बरा करणारी औषधे १९८०च्या दशकातच हाती आली होती. २००५ साली, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थाने कुष्ठरोगाचे देशात निर्मूलन झाल्याचे सरकारने जाहीरही केले. तरी ते कलम आणखी तेरा-चौदा वर्षे कायद्याच्या पुस्तकात तसेच बसून राहिले. ते कोणाला बोचले नाही, कारण ज्यांना ते बोचायचे त्यांचा आवाज गावकुसाबाहेरच विरून जात होता. अग्नीच्या साक्षीने सात पावले चालल्यावर आठवे पाऊल मागे घेण्याची ही परवानगी होती.

कायद्याने सोडण्याची मुभा देऊन ठेवलेल्या काळात काही माणसांनी धरून ठेवण्याचा मार्ग निवडला. त्यांच्या सेवेची गौरवगाथा पुष्कळ लिहिली गेली आहे. मात्र त्या सेवेच्या मुळाशी दोन माणसांमधला जो प्रामाणिक व्यवहार होता, त्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर संस्था येते, इमारत येते, पुरस्कार येतात. उंबरठ्याच्या आतले प्रश्न आपण विचारत नाही.

बाबा आमटे आणि साधनाताई यांचा विवाह १९४६ साली झाला. एका लग्नघरी सगळे समारंभात दंग असताना ही मुलगी गुपचूप बाजूला होऊन एका वृद्ध मोलकरणीला धुणे धुवायला मदत करते आहे, हे बाबांनी पाहिले आणि त्यांचा निश्चय झाला. मागणी घालणाऱ्याने रूप, हुंडा, घराणे यांपैकी काहीच पाहिले नाही. पुढे काय वाट्याला येणार याची चुणूक मुलीलाही लग्नाआधीच मिळालेली होती, कारण समोरचा वर जटाधारी बैराग्याच्या वेषात होता. अशा विवाहात फसवणुकीला जागा कुठून राहणार?

त्यानंतरचा प्रसंग तर सर्वश्रुत आहे. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेला, हातपाय झडलेला तुळशीराम बाबांच्या दृष्टीस पडला आणि बाबा घाबरून पळाले. गुंडांशी दोन हात करणारा, वकिली झुगारून मैला वाहणारा हा माणूस एका मरणासन्न रुग्णाला भ्याला. बाबांनी ही गोष्ट लपवली नाही. ती त्यांनी पत्नीला सांगितली, पुढे जगाला सांगितली. जिथे भीती आहे तिथे प्रेम नाही, या अस्वस्थतेतून ते परत फिरले आणि त्या माणसाच्या अखेरच्या दिवसांत त्याची शुश्रूषा केली. कुष्ठसेवेला वाहून घेण्याचा विचार त्यांनी साधनाताईंपुढे मांडला, तेव्हा घरात दोन तान्ही मुले होती. संसर्गाचे भय त्या काळी घरोघर होते. साधनाताईंनी होकार दिला, पण तो सर्व धोके समोर असताना दिलेला होकार होता. ही संमती मागितली गेली नसती, तर आनंदवन उभे राहिले असते का? कदाचित राहिलेही असते. मग मात्र ते एका माणसाच्या हट्टाचे स्मारक झाले असते.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. बाबांनी कोलकात्यात कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले होते, हेही सर्वांना ठाऊक आहे. विंचू-सापांच्या त्या माळावर चूल पेटवणे, मुले वाढवणे, आल्यागेल्याचे करणे यांविषयी मात्र साधनाताईंनी ‘समिधा’ लिहिले म्हणून पुष्कळसे कळले. त्या पुस्तकात नवऱ्याची आरती नाही आणि गाऱ्हाणेही नाही. ज्याच्यासाठी आयुष्य दिले त्याचा तापट स्वभाव आणि त्याचा मोठेपणा, दोन्ही त्यात एकाच समजुतीने येतात. समिधा हे नाव पुष्कळ काही सांगते. यज्ञाचे श्रेय यजमानाला मिळते, जळते ती समिधा.

येथे कोणी म्हणेल, ही तर निवडक आणि यशस्वी उदाहरणे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका घराकडे पाहायला हवे. तिथला हिशोब इतका सरळ नाही.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. त्या बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि घरच्यांच्या, पुढे महाराष्ट्राच्याही, बाया. या विवाहाची शिक्षा मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घालून दिली, आणि ती कर्व्यांच्या आईला व भावालाही भोगावी लागली. तीन वर्षांनी, १८९६ साली कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि शिकवणे संपले की पायी हिंगणे गाठायचे, हा अण्णांचा परिपाठ होता. महाराष्ट्राने त्यांना महर्षी म्हटले ते उगाच नव्हे.

पण त्या पायवाटेच्या पुण्याकडच्या टोकाला एक घर होते. त्यात बाया आणि मुले होती. संस्थेचा विधवाविवाहाशी काही संबंध नाही, असे समाजाला पटवून देणे भाग होते, कारण तसे न झाल्यास कोणताही बाप आपली विधवा मुलगी आश्रमात पाठवायला धजावला नसता. त्यामुळे पुनर्विवाहित बायांनाच त्या आश्रमापासून दूर राहावे लागले. विधवांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत, जिच्यामुळे हा सारा प्रपंच सुरू झाला त्या स्त्रीला जागा नव्हती. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले विधवा होत्या. त्यांनी मात्र आश्रमाला वाहून घेतले आणि निधीसाठी पुढे अमेरिकेपर्यंत मजल मारली. शिल्लक पैसा आश्रमाकडे गेला, आयुर्विम्याची पॉलिसीही गेली. आपल्यामागे मुलांचे काय, हा प्रश्न बायांना पडला आणि त्या भांडल्या. त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले आणि संसाराला हातभार लावला.

१९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात बायांनी हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले. त्यांची भाषा साधी, काही ठिकाणी कडवट आहे. महर्षीच्या पत्नीने असे लिहावे का, असे वाटणारे वाचक तेव्हाही असतील आणि आजही आहेत. वास्तविक, त्या घराचा खरा पुण्यसंचय या मोकळेपणात आहे. कर्व्यांनीही घरातली ओढाताण स्वतःच्या आत्मवृत्तात दडवून ठेवली नाही. पतीच्या हयातीत पत्नी हे लिहू शकली, स्नुषा कावेरीबाईंनी ते संपादित करून दिले आणि घर दुभंगले नाही. पुढे त्याच बायांनी कर्व्यांच्या संस्थांसाठी दारोदार निधी गोळा केला. कर्व्यांचे त्या बाबतीत चुकले, असे स्पष्ट म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. मुलांच्या भवितव्याची तरतूद ही एकट्याच्या वैराग्याने निकालात काढायची बाब नव्हती. ती देण्याआधी विचारायला हवे होते.

सेवा करणारा आणि जिची सेवा होते ती व्यक्ती, यांच्या नात्यातही हाच प्रश्न उभा राहतो. छत्तीसगडातील चांपा येथे १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन करणारे सदाशिवराव कात्रे रेल्वेतले कर्मचारी होते आणि स्वतः कुष्ठरुग्ण होते. दयेची नजर कशी लागते हे त्यांना आतून ठाऊक होते. म्हणून सोठीच्या आश्रमात रुग्ण शेती करतात, हातमागावर बसतात, आपले अन्न आपण पिकवतात. कात्र्यांचे काम पुढे नेणारे अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट १९७०च्या दशकात तिथे आले आणि २०१९ साली देह ठेवीपर्यंत तिथलेच झाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तोपर्यंत महाराष्ट्रातल्या किती घरांत हे नाव माहीत होते? मृत्यूनंतर त्यांनी देहही वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन टाकला.

याच्या शेजारी आजचे चित्र ठेवून पाहावे. वाढदिवसाला रुग्णालयात केळी वाटायची, पाच जणांनी मिळून एका म्हातारीच्या हातात एक ब्लँकेट द्यायचे आणि छायाचित्रकाराची खूण होईपर्यंत ते सोडायचे नाही. दिवाळीत अनाथाश्रमात फराळ पोहोचवणाऱ्याच्या स्वतःच्या घरी आई मागच्या खोलीत एकटी जेवत असते. हे दांभिक आहेत एवढे म्हणून विषय मिटवता येत नाही. त्यांपैकी अनेकांची कळकळ खरी असते. अडचण अशी की परक्याची सेवा तुलनेने सोपी असते. तो प्रतिप्रश्न करत नाही, जुने हिशोब काढत नाही, संध्याकाळी आपण निघून येऊ शकतो. घरच्या माणसापाशी ही पळवाट नसते.

सेवाकार्यासाठी पूर्णवेळ बाहेर पडू इच्छिणारे तरुण आजही कमी नाहीत. त्यांची मुलाखत घेताना संस्था शिक्षण विचारते, प्रकृती विचारते, दुर्गम भागात राहण्याची तयारी विचारते. विवाहित कार्यकर्ता असेल तर त्याच्या पत्नीला, कार्यकर्ती असेल तर तिच्या पतीला, स्वतंत्रपणे बसवून विचारण्याची पद्धत किती ठिकाणी आहे? मानधन किती मिळेल, मुलांच्या शाळेचे काय, आईवडिलांच्या आजारपणात कोण येईल, हे त्या माणसाला आधी कळायला हवे आणि नकार देण्याची मोकळीकही हवी. अशा बैठकीने दोन-चार कार्यकर्ते कमी मिळतील. जे मिळतील, त्यांच्या घरातून दहा वर्षांनी एखादे ‘माझे पुराण’ आले, तर संस्थेच्या कार्यालयात ते कपाटात कुलूपबंद करून ठेवण्याची वेळ येणार नाही.