थकव्याला किती नावे?

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले: टायर्ड, वेअरी, फटीग्ड, एक्झॉस्टेड. ‘मराठी करा’ म्हणाले. आम्ही चारही शब्दांपुढे बिनदिक्कत ‘थकलेला’ लिहून मोकळे झालो. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘दमलेला’ म्हणाले, तेवढीच काय ती विविधता. सर हसले आणि म्हणाले, ‘चौघांना एकाच खोलीत कोंबलेत. ग्रीक भाषेने या चौघांचे काय केले आहे, ते एकदा ग्रंथालयात जाऊन पाहा.’ तास संपला आणि वर्ग कॅन्टीनकडे पांगला.

त्याच संध्याकाळी आई खुरपणीहून आली आणि उंबऱ्यातच बसली. मी विचारले, ‘आई, थकलीस का?’ ती म्हणाली, ‘थकायला मी काय म्हातारी झाले? दमलेय नुसती. तांब्याभर पाणी दे.’ पाणी देता देता मला सकाळचा फळा आठवला. जो भेद आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना सुचला नव्हता, तो चौथीत शाळा सुटलेल्या बाईने एका वाक्यात करून दाखविला होता. दमणे म्हणजे दम लागणे. घटकाभर टेकले, पाणी प्याले की ते उतरते. थकणे वयाचे असते, ते उतरत नाही. ‘वडील आता थकले’ असे आपण म्हणतो तेव्हा वडील कोठून चालून आले, असे कोणी विचारीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश प्रथम १८४३ साली निघाला. त्याची एक जुनी प्रत आमच्या ग्रंथालयात आहे. ग्रीक अक्षरे ओळखू येण्यातच आठवडा गेला; पण त्या आठवड्याची भरपाई पुढे भरपूर झाली.

पहिला शब्द भेटला ‘कोपोस’. मुळात अर्थ मार, तडाखा. ‘कोप्तो’ म्हणजे मारणे, तोडणे. त्यावरून कष्ट, आणि कष्टावरून थकवा. दुसरा शब्द ‘कामातोस’. त्याचेही दोन्ही अर्थ: श्रम आणि श्रमाने आलेली ग्लानी. होमरच्या काव्यात तर मृतांना ‘कामोन्तेस’ म्हटले आहे, म्हणजे कष्ट करून थकलेले, ज्यांचे राबणे संपले ते. म्हणजे जुन्या ग्रीकात काम आणि थकवा एकाच शब्दात नांदतात. इंग्रजीत मात्र काम एका खोलीत आणि थकवा दुसऱ्या खोलीत. बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात मत्तयाच्या अकराव्या अध्यायात आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात एकच ग्रीक क्रियापद आले आहे. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांना एके ठिकाणी त्याचे ‘कष्ट करणे’ करावे लागले आणि दुसरीकडे ‘थकणे’. आणि आपण? आपला ‘श्रम’ ग्रीकांच्या पंगतीत बसतो. श्रम म्हणजे काम. पण ‘प्रवासाचे श्रम झाले असतील, जरा पडा’ म्हणतो तेव्हा श्रम म्हणजे शीण. श्रांत, परिश्रम आणि विश्रांती या एकाच धातूच्या लेकी आहेत.

इंग्रजीवर अन्याय मात्र नको. एन.सी.सी.च्या शिबिरात ज्यांनी ‘फटीग’ केली आहे, त्यांना ठाऊक आहे की लष्करी इंग्रजीत हा थकव्याचाच शब्द झाडलोटीच्या आणि ओझी वाहण्याच्या कामालाही लावतात. काम आणि थकवा तेथेही एकत्र आले. पण ते शिपायांच्या वाट्याला!

आजच्या ग्रीकातही गंमत आहे. इंग्रज रात्री अकरा वाजता ‘टायर्ड’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला फक्त झोप आलेली असते; ग्रीक त्यासाठी ‘निस्ताग्मेनोस’ हा वेगळा शब्द ठेवतो, जशी आपली ‘पेंग’. एखाद्या गोष्टीला ‘टायर्ड’ झालो म्हणजे कंटाळलो. तेथे ग्रीक म्हणतो ‘वारेथिका’, आणि त्या शब्दाच्या पोटात ‘ओझे’ आहे. फारच दमला तर ‘मी प्तोमा आहे’, म्हणजे प्रेत आहे, असेही म्हणतो. आपल्याकडे ‘आज मेले गं बाई’ म्हणतात तसे. आणि दारी आलेल्या पाहुण्याला ‘कोप्यास्ते’ म्हणतो. शब्दशः ‘कष्ट घ्या’. अर्थ ‘या, बसा, दोन घास खा’. आपल्या निमंत्रणपत्रिकेत येण्याचे कष्ट घ्यावे अशी विनंती असतेच की!

आणखी एक गोष्ट. नुसते ‘टायर्ड’ म्हटले तर थकलेला पुरुष की स्त्री, हे इंग्रजीला सांगता येत नाही. ग्रीकात पुरुष ‘कुरास्मेनोस’, स्त्री ‘कुरास्मेनी’. मराठीत दमलेला, दमलेली. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला येथे थांबून विचारावेच लागते: कोण दमले आहे?

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहिला त्याकडे येते. ‘एक्झॉस्टेड’च्या मुळाशी लॅटिनमधील पाणी उपसण्याचे क्रियापद आहे. आजचा ग्रीक शब्द ‘एक्सान्त्लिमेनोस’. त्याच्या मुळाशी जहाजाच्या तळाशी साचलेले पाणी उपसणे. दोन्ही भाषांची प्रतिमा एकच: माणूस म्हणजे विहीर, आणि ती कोरडी झाली. छापील प्रती संपलेल्या पुस्तकालाही ग्रीक हाच शब्द लावतात. पण जुना कोश उघडला तर हेच क्रियापद वेगळे उभे आहे. युरिपिडीसच्या ‘सायक्लोप्स’ नाटकात म्हातारा सायलीनस ते स्वतःबद्दल वापरतो, तेव्हा तो कोरडा पडलेला नाही. तो कष्ट उपसतो आहे! सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा वाक्प्रचार आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो. ‘तिने जन्मभर कष्ट उपसले’ असे आपण म्हणतो तेव्हा ती विहीर नसते. विहीर कष्टांची असते, न संपणारी. आणि दोर तिच्या हातात असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. ‘कष्ट उपसले’ याचे ‘एक्झॉस्टेड’ केले की कर्ती नाहीशी होते आणि रिकामे भांडे उरते. शब्दकोशातील ‘बरोबर’चे चिन्ह गणितात खरे असते, भाषेत ते पुष्कळदा खोटे बोलते.

कोणी म्हणेल, थकवा तो थकवा, नावात काय आहे? आहे. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने ‘बर्नआउट’ हा शब्द आपल्या शास्त्रात आणला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात त्याला रोग म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून जागा मिळाली. इंग्रजीला त्यात जळणे दिसते. ग्रीकांनी त्याला ‘एक्सुथेनोसी’ म्हटले, ज्याच्या मुळाशी ‘काहीच नाही’ हा शब्द आहे: माणसाचे शून्य होणे. नाव मिळताच त्या थकव्याला प्रतिष्ठा मिळाली, त्यावर परिसंवाद होऊ लागले. परंतु रोजंदारीवर खुरपणाऱ्या बाईचे अंग मोडून आले, हातपाय गळाले, तर शहाणी माणसे त्याला काय म्हणतात? बहुधा ‘आळस’. हेही भाषांतरच आहे, आणि अत्यंत वाईट भाषांतर आहे.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रतिशब्द लिहा’ याऐवजी कधीतरी ‘कोण, कशाने आणि किती दमले ते ओळखून लिहा’ असे विचारावे. आणि मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी गेलात की संध्याकाळी उंबऱ्यापाशी कान देऊन बसा. शीण, दमणूक, मरगळ, मेटाकुटीला येणे, भागणे: किती शब्द मिळतात ते वहीत टिपा. परदेशी कोश वाचून मला जर काही मिळाले असेल, तर ते घरचे शब्द पुन्हा ऐकण्याची सवय.

परवा मी आईला सांगितले की, दूर ग्रीस देशातल्या एका जुन्या नाटकात तुझ्यासारखाच एक म्हातारा कष्ट उपसतो. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘मग संपले का त्याचे?’

मी म्हटले, ‘नाटक संपते तेव्हा सुटतो तो.’

‘बरे झाले,’ आई म्हणाली, आणि चूल पेटवायला उठली.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला